डिझेल ट्रकचा ऑइल प्रेशर सेन्सर बदलण्यापूर्वी काय तपासावे?

घाटमार्ग

नमस्कार. माझी दहा टायरची गाडी न्हावा शेवा बंदरातून चाकणच्या कारखान्यांकडे माल नेते. इंजिन कमिन्सच्या बी मालिकेतील सहा सिलिंडरचे, ५.९ लिटरचे, बीएस४ काळातील कॉमन रेलचे आहे. अलीकडे ऑइल प्रेशरच्या काट्याचे वागणे पाहून जिवाला घोर लागला आहे. सकाळी थंड इंजिन सुरू केले की काटा नेहमीच्या जागी जातो. मात्र खोपोलीहून भरलेली गाडी घाट चढून वर आली आणि खंडाळ्यात थांबवून इंजिन नुसते चालू ठेवले, की काटा तळाला टेकतो आणि लाल दिवा लागतो. जरा रेस दिली की दिवा विझतो. एवढेच असते तर तेल तापल्यामुळे पातळ झाले असेल असे मी मानले असते. परंतु तळेगावच्या पुढे सपाट रस्त्यावर गाडी एकसारख्या वेगाने चालत असतानाही काटा एकदम शून्यावर गेला आणि क्षणभराने तसाच एकदम परत आला.

तेलाची पातळी डिपस्टिकवर बरोबर आहे. तेल १५डब्ल्यू-४० असून ते फिल्टरसह नुकतेच बदललेले आहे. सध्या बसवलेला सेन्सर मूळचा नाही. एका वाटेवरच्या गॅरेजमध्ये तो बिनाखोक्याचा, बिनानावाचा मिळाला होता. आता एक मिस्त्री सांगतात की सेन्सर बदला आणि निर्धास्त व्हा. दुसरे सांगतात की चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) उतरवून मेटल (बेअरिंग) बघितल्याशिवाय गाडी घाटात घालू नका. दोन्ही सल्ल्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना फिटर

घाटमार्ग, तुमच्या दोन्ही मिस्त्रींपैकी एकाचे म्हणणे बरोबर निघू शकेल, परंतु आज दोघांपैकी कोणाकडेही पुरावा नाही. तो मिळवण्यासाठी डॅशबोर्डवरील काट्याशी काहीही संबंध नसलेले, नळीचे साधे यांत्रिक प्रेशर गेज इंजिनाला लावा. त्याआधी सेन्सरही विकत घेऊ नका आणि चेंबरच्या बोल्टलाही हात लावू नका. हे मी आग्रहाने लिहितो आहे, कारण दिवा लागला म्हणून सेन्सर बदलला, नव्या सेन्सरनेही तेच दाखवले म्हणून तोही खराब ठरवला आणि अखेर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, अशी इंजिने मी उघडली आहेत. त्या गाड्यांचा सेन्सर पहिल्यापासून खरे सांगत होता. तोवर तुमचे काम एकच आहे: चालत्या गाडीत लाल दिवा लागून राहिला, तर सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे.

गेज शक्यतो सेन्सरच्या भोकात लावू नये. या इंजिनाच्या ब्लॉकवर मुख्य ऑइल गॅलरीला, म्हणजे दाबाचे तेल पुढे नेणाऱ्या वाहिनीला, जोडलेले प्लग असतात. त्यांपैकी सहज हात पोहोचेल असा एक प्लग काढून योग्य आट्यांच्या अॅडॅप्टरने तिथे गेज जोडावे. असे केल्याने सेन्सर जागेवर राहतो आणि गेज व डॅशबोर्डचा काटा एकाच वेळी शेजारी शेजारी वाचता येतात. दोन्ही एकदम उतरले तर दाब खरोखर कमी आहे. गेज स्थिर असताना काटा एकटाच पडला तर दोष सेन्सरात किंवा त्याच्या तारांत आहे. नळी तापलेल्या तेलाचा दाब सहन करणारी असावी, ती टर्बो आणि एक्झॉस्टपासून दूर बांधावी आणि तिचे जोड थंड इंजिनावर तपासून मगच पुढे जावे. गरम एक्झॉस्टवर तेलाची चिळकांडी उडाली तर आग लागण्यास वेळ लागत नाही.

मोजणी तापलेल्या इंजिनावरच करावी, कारण थंड घट्ट तेल झिजलेल्या बेअरिंगचेही दोष झाकते. या मालिकेसाठी उत्पादकाने दिलेली किमान मर्यादा आयडलला (इंजिन नुसते चालू असताना) ६९ किलोपास्कल, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत साधारण ०.७ किलो (दर चौरस सेंटीमीटरला), आणि पूर्ण निर्धारित वेगाला २०७ किलोपास्कल, म्हणजे सुमारे २.१ किलो एवढी आहे. हे आकडे किमान आहेत हे ध्यानात ठेवा. निरोगी इंजिन त्यांच्या बरेच वर असते. आयडलला दाब मर्यादेच्या खाली आणि वेग वाढवल्यावर पुरेसा, असे दिसले तर मेन आणि कनेक्टिंग रॉडच्या मेटलमधील वाढलेली फट किंवा पातळ झालेले तेल यांचा विचार करावा. सगळ्याच वेगांना दाब कमी असेल तर चेंबरच्या आधी प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्ह काढून पाहावा. त्याचा प्लंजर कचऱ्यामुळे उघडा अडकला की पंपाने वर ढकललेले तेल तिथूनच परत चेंबरमध्ये पडते. तो ऑइल कूलरच्या कव्हरवरील फिल्टर हेडमध्ये असतो आणि चेंबर उतरवण्याच्या मानाने ते काम फार लहान आहे.

वायरमन

फिटरकाकांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्यात विजेच्या बाजूने भर घालतो. घाटमार्ग, तुम्ही लिहिलेल्या दोन लक्षणांपैकी सपाट रस्त्यावरचे लक्षण मला अधिक बोलके वाटते. तेलाचा दाब खरोखर पडतो तेव्हा काटा सहसा काही अवधी घेऊन खाली येतो. एकसारख्या वेगात काटा एका झटक्यात शून्यावर जाऊन झटक्यातच परत येत असेल, तर माझे पहिले लक्ष कपलरकडे, म्हणजे सेन्सरला तारा जोडणाऱ्या प्लगकडे, जाईल.

या इंजिनाचा सेन्सर तीन तारांचा आहे. एका तारेतून ईसीएम (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) त्याला ५ व्होल्टचा पुरवठा देतो, दुसरी तार परतीची आणि तिसरी संकेताची असते. अशा प्रकारच्या सेन्सरचा संकेत साधारणपणे दाब शून्य असताना ०.५ व्होल्टच्या आसपास असतो आणि दाबाबरोबर वाढत मापनाच्या वरच्या टोकाला ४.५ व्होल्टच्या जवळ पोहोचतो. या दोन टोकांच्या बाहेर संकेत गेला, तर ही दाबाची बाब नसून तारेची किंवा सेन्सरची आहे असे ईसीएम समजतो आणि निराळा कोड नोंदवतो. त्यामुळे कोड पुसण्यापूर्वी ते वाचून कागदावर लिहून ठेवा. कमिन्सच्या पद्धतीत १३५ आणि १४१ हे सेन्सरच्या सर्किटचे कोड आहेत, पहिला व्होल्टेज जास्त असल्याचा आणि दुसरा कमी असल्याचा. १४३ आणि ४१५ हे मात्र तेलाचा दाब कमी असल्याचे कोड आहेत, त्यांपैकी ४१५ गंभीर पातळीचा. स्कॅनर सर्वसाधारण पद्धतीचा असेल तर तेलाच्या दाबाची नोंद एसपीएन (दोष कशात आहे ते सांगणारा क्रमांक) १०० खाली सापडेल आणि तिथे एफएमआय (दोषाचा प्रकार) ३ किंवा ४ म्हणजे विजेचा दोष, तर १ किंवा १८ म्हणजे दाब कमी, असा अर्थ घ्यावा. १४३ किंवा ४१५ दिसला म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही, कारण चुकीचा पण मर्यादेतला व्होल्टेज ईसीएमला खराच वाटतो. म्हणून गेजला पर्याय नाही.

इंजिन बंद करून कपलर काढा, चावी चालू करा आणि पुरवठ्याच्या व परतीच्या पिनांमध्ये मल्टिमीटरने ५ व्होल्ट मिळतात का ते पाहा. मल्टिमीटरची जाड टोके कपलरच्या मादी पिनांत घुसवू नका; पिन एकदा सैल झाली की नवा सेन्सरही झटके देतो. तुमच्याकडे दाब दाखवणारा संशयित भाग आधीच अनामिक बनावटीचा आहे, त्यात पिना ढिल्या करून ठेवल्या तर निदान आणखी अवघड होईल. आणि कपलर काढताना त्याच्या आत नीट डोकावा. आत काय दिसते ते इथे लिहा.

मालवाहू

गेज लावण्याआधी डिपस्टिक नुसती पाहू नका, तिचा वासही घ्या. पातळी बरोबर आहे असे घाटमार्ग म्हणतात, परंतु ती पूर्वीपेक्षा वाढली आहे का, हे विचारणे गरजेचे आहे. आमच्या एका गाडीत आयडलचा दाब हळूहळू उतरत गेला आणि पातळी मात्र भरल्या खुणेच्या वर सरकत गेली, कारण तेलात डिझेल मिसळत होते. कॉमन रेल इंजिनात गळका इंजेक्टर किंवा गिअरवर चालणाऱ्या हाय-प्रेशर पंपाचे सील हे त्याचे मार्ग असू शकतात. दोन बोटांत घेतलेले तेल ओशट चिकट न लागता पाण्यासारखे निसटते आणि डिझेलचा वास येतो. त्या अवस्थेत सेन्सर, मेटल, पंप, काहीही बदलले तरी उपयोग नाही; आधी गळती बंद करावी लागते आणि तेल व फिल्टर बदलावे लागतात. पातळी वाढून तेल दुधट दिसले तर कूलंट मिसळते आहे, आणि तिथे ऑइल कूलर पहिला संशयित असतो.

घाटमार्ग

सर्वांचे आभार. पातळी वाढलेली नाही आणि तेलाला डिझेलचा वासही नाही. पनवेलजवळच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गॅलरीच्या प्लगवर गेज लावले, नळी खिडकीतून केबिनमध्ये घेतली आणि भरलेली गाडी घाट चढवून वर नेली. खंडाळ्यात इंजिन पूर्ण तापलेले असताना आयडलला गेजवर १.३ किलो दिसले आणि १८०० आरपीएमला ३.६ किलो. त्याच वेळी डॅशबोर्डचा काटा तळाला आणि लाल दिवा चालू होता. रेस देऊन सोडताना गेजची सुई हळूहळू खाली येत होती, पण काटा मध्येच गळून पडायचा.

वायरमन यांनी सांगितल्याप्रमाणे कपलर काढून पाहिला. आत तेल होते. कपलर तिरपा केल्यावर एक थेंब बोटावर आला, तिन्ही पिनांवर काळसर ओशट थर बसलेला होता आणि कपलरच्या मागचे रबरी सील फुगून मऊ पडले होते. सेन्सरच्या बाहेरून, आट्यांच्या बाजूने, गळतीची एकही खूण नाही. पुरवठा ५ व्होल्टचा मिळाला. स्कॅनरवर १४१ आणि ४१५ हे दोन्ही कोड सापडले.

आता सेन्सर बदलणे योग्य ठरेल का, आणि बदलताना कोणती काळजी घ्यावी?

जुना फिटर

आता जरूर बदला. इंजिनाचा दाब चांगला आहे, चेंबर उतरवण्याचे कारण उरलेले नाही. सेन्सरच्या आतील पडदा फाटून तेल दाबाच्या बाजूने विजेच्या बाजूला शिरले आहे. बाहेर थेंबही न दिसता कपलर भरतो तो यामुळे.

सुटा भाग मागताना गाडीचे मॉडेल सांगून भागत नाही. टायमिंग गिअरच्या हाउसिंगवर इंजिनाची पाटी असते, तिच्यावरील इंजिन क्रमांक आणि सीपीएल (त्या इंजिनाच्या भागांच्या यादीचा) क्रमांक अधिकृत विक्रेत्याला द्या. त्यावरून नेमका भाग निघतो. दिसायला सारखा आणि कपलरला बसणारा सेन्सर घेऊन चालत नाही, कारण त्याच्या मापनाची कक्षा वेगळी असली तर तेच व्होल्टेज ईसीएम वेगळ्या दाबाचे म्हणून वाचतो. स्वस्त सेन्सर बसवून काटा दिसतोय म्हणून समाधान मानणारे पुष्कळ आहेत, परंतु जो काटा इंजिन वाचवण्यासाठी आहे, तोच खोटे बोलणारा ठेवणे मला पटत नाही.

काम इंजिन निवल्यावर करा. चावी बंद केल्यावर लगेच बॅटरीचा कट-ऑफ ओढू नका. तुमची गाडी एससीआरची (युरियाने धूर शुद्ध करणारी) आहे, त्यामुळे युरियाच्या नळ्या रिकाम्या होईपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते. या मालिकेतील इलेक्ट्रॉनिक इंजिनांत हा सेन्सर फ्युएल पंपाच्या बाजूला ब्लॉकवर असतो आणि ईसीएमही त्याच बाजूला आहे, म्हणून तिथे पाण्याचा फवारा मारू नये. सेन्सरच्या भोवतीची माती ब्रशने सोडवून हवेने उडवा. हे काम वेळखाऊ वाटते, तरी मी ते कधीही टाळू देत नाही, कारण सेन्सर निघाल्यावर त्या भोकातून आत पडलेला खडा थेट मुख्य गॅलरीत जातो आणि गॅलरीच्या पुढे मेटल आहेत.

तेल काढून टाकण्याची गरज नाही. इंजिन बंद असताना गॅलरीत दाब नसतो. वाटीभर तेल येईल एवढ्या तयारीने खाली कापड धरा. कपलरचे लॉक बोटाने दाबून सोडवा, तार धरून ओढू नका. सेन्सर त्याच्या षटकोनी भागावर बरोबर बसणाऱ्या लांब गोटीने (सॉकेटने) सोडवा. पाइप पान्याने वरचा प्लॅस्टिकचा भाग पिळला, तर तो तुटून आट्यांचा भाग ब्लॉकमध्येच राहतो. सेन्सर हातात आल्यावर जुनी ओ-रिंग किंवा वॉशर त्याच्याबरोबर आले आहे ना, हे पाहा. ते ब्लॉकला चिकटून राहिले आणि त्याच्यावर नवे बसले, तर गळती ठरलेली.

नवा सेन्सर जुन्याच्या शेजारी धरून आटे, लांबी आणि पिना जुळवून पाहा. ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइल लावा आणि पहिले सगळे आटे हातानेच फिरवा. हाताने फिरत नसेल तर आटे तिरके चालले आहेत, तिथेच थांबून पुन्हा सुरुवात करा. शेवटचा ताण टॉर्क रिंचने, मॅन्युअलमध्ये दिला आहे तेवढाच द्या.

कऱ्हाडकर

धागा वाचतो आहे. माझी गाडी जुनी, यांत्रिक पंपाची आहे आणि तिच्या सेंडरला (काट्याला दाब कळवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाला) एकच तार येते. आमच्याकडे मिस्त्री अशा सेंडरला भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळतात. ते योग्य आहे का?

वायरमन

एका तारेचा सेंडर किंवा साधा प्रेशर स्विच आपल्या धातूच्या शरीरातून, म्हणजे आट्यांतून, ब्लॉकशी अर्थ घेतो. आटे टेपने पूर्ण झाकले तर अर्थ कमजोर होऊ शकते आणि काटा चुकीचे दाखवू शकतो. अशा सेंडरमध्ये दाबाबरोबर रोध बदलतो, त्यामुळे जोडात वाढलेला प्रत्येक ओहम काट्यावर दिसतो. स्विचचे काम याहून साधे असते: दाब नसताना त्याचा संपर्क जुळलेला असतो म्हणून चावी लावताच दिवा लागतो, आणि दाब आला की संपर्क सुटून दिवा विझतो. म्हणून जुन्या गाडीत चावी लावल्यावर दिवा लागलाच नाही, तर तीही तक्रारच समजावी. बल्ब गेलेला असेल किंवा तार तुटलेली असेल आणि दाब खरोखर पडेल त्या दिवशी तुम्हाला काहीच कळणार नाही.

जुना फिटर

टेपबद्दल माझेही हेच मत आहे, आणि त्याला आणखी एक कारण आहे. टेपची चिंधी सुटून गॅलरीत गेली तर ती पिस्टनला थंड ठेवणाऱ्या तेलाच्या नोझलपर्यंत पोहोचू शकते. निमुळत्या आट्यांच्या सेंडरला द्रवरूप सीलंट पुरेसे असते, तेही टोकाचे पहिले दोन आटे कोरडे ठेवून. ज्या सेन्सरला ओ-रिंग किंवा वॉशर आहे, त्याचे आटे समांतर असतात आणि तिथे सीलंटही नको, टेपही नको. निमुळता सेंडर समांतर भोकात किंवा उलट, असा प्रकार मी पाहिला आहे. काही आटे पकडतात, मग गळती दिसते, मग आणखी आवळले जाते आणि शेवटी ब्लॉकची कड तडकते.

घाटमार्ग

इंजिन क्रमांक देऊन अधिकृत विक्रेत्याकडून सेन्सर आणला आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे बसवला. जुन्या सेन्सरचे आटे नव्याशी जुळत होते, परंतु त्याच्या तळाच्या भोकाचा व्यास उघड्या डोळ्यांना कळेल इतका वेगळा होता आणि अंगावर कोणताही क्रमांक नव्हता. इंजिन सुरू करताच काटा वर आला. गेज अजून काढलेले नाही. तापलेल्या इंजिनावर आयडलपासून १८०० आरपीएमपर्यंत गेज आणि काटा आता बरोबरीने चालतात. कोड पुसल्यानंतर परत आलेले नाहीत. कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, वाळवून लावला आहे. आणखी काही करायचे राहिले आहे का?

जुना फिटर

आणखी एक घाट-फेरी गेज ठेवूनच करा आणि परत आल्यावर प्लग नव्या वॉशरसह बसवा. पुढे केव्हाही इंजिन सुरू केल्यावर १५ सेकंदांच्या आत दाब दिसला नाही, तर इंजिन बंद करून कारण शोधायचे, ही सवय ड्रायव्हरलाही लावा. सेन्सरच्या भोवतालची जागा पांढऱ्या कापडाने कोरडी पुसून ठेवा, म्हणजे पुढील तपासणीत ताजी गळती चटकन दिसेल.

वायरमन

एक महत्त्वाची गोष्ट राहिली आहे. पडदा फाटलेल्या सेन्सरमधून येणारे तेल कपलरपाशीच थांबते असे नाही. चालत्या इंजिनाच्या दाबाने ते तांब्याच्या बारीक तारांमधून, वरच्या आवरणाच्या आत, हळूहळू पुढे सरकते आणि हार्नेसमधून (तारांच्या जुडग्यातून) ईसीएमच्या मोठ्या कपलरपर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे बॅटरी सोडवून ईसीएमचा इंजिनाकडील कपलर एकदा उघडा आणि सेन्सरच्या तिन्ही तारा जिथे येतात त्या पिना पाहा. त्या कोरड्या असतील तर तसाच बंद करा. ओलसर असतील तर दोन्ही बाजू कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करून हवेने वाळवा आणि काही दिवस गाडी चालवून पुन्हा उघडून पाहा, कारण तारेत अडकलेले तेल उशिरापर्यंत झिरपत राहते. सेन्सरकडील कपलरचे फुगलेले रबरी सील मात्र धुऊन पूर्ववत होणार नाही. आत पाणी शिरण्याचा तोच रस्ता आहे आणि पावसाळ्यात बोरघाटातील गाडीला तो उघडा ठेवून चालणार नाही. पिना आणि सीलसह नवा कपलर घ्या, तारा एकेक करून त्याच क्रमाने जोडा, प्रत्येक जोड क्रिम्प करून त्यावर आत गोंद असलेली उष्णतेने आक्रसणारी नळी चढवा, आणि हार्नेस जुन्याच क्लिपमध्ये असा बांधा की इंजिनाच्या हादऱ्याचा ताण कपलरवर येणार नाही.